मुलगी मुलीवर प्रेम करते आणि घरचे हळूहळू समजून घेतात, अशी किशोरवयीनांसाठीची कादंबरी सुचवाल का?

माझी भाची सोळा वर्षांची आहे. आपल्याला मुली आवडतात, हे तिने सध्या फक्त मला सांगितलंय. आईबाबांना कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे तीच ठरवेल. तोवर तिच्या हातात चांगली पुस्तकं असावीत, असं मला मनापासून वाटतं.

नॅन्सी गार्डनची 'ॲनी ऑन माय माइंड' (१९८२) तिला दिली. प्रेमाचा शेवट शोकांत नाही, याचा तिला फार आनंद झाला. मलिंडा लोच्या 'लास्ट नाइट ॲट द टेलिग्राफ क्लब'मधलं १९५०च्या दशकातलं सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाउन, घराण्याची अब्रू आणि मुलीची घुसमट तिला जवळची वाटली. २०२१चं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालेली ही कादंबरी मलाही अतिशय आवडली.

आता हवंय ते जरा वेगळं. आई पहिल्याच प्रकरणात मिठी मारते, असं नको. ते तिला पटणार नाही. घर सोडणं हाच एकमेव मार्ग, असंही नको. आईबाबा गोंधळतात, चुकीचं बोलतात, काही दिवस अबोला धरतात, मग स्वतःहून एक पाऊल पुढे येतात. हा मधला काळ कुणी नीट लिहिलाय का? आजी किंवा धाकटा भाऊ आधी समजून घेतो, असं काही असेल तर फारच छान.

मराठीत असेल तर आधी ते सांगा. पुढेमागे तिची आईही वाचू शकेल. मुखपृष्ठावरून विषय लगेच कळत असेल तर तेही कळवा, कारण पुस्तक घरात सगळ्यांसमोर असणार.