मदत हवी आहे : वाफ्यांतून वाहून जाणारं पावसाचं पाणी रोपांना परत देता येईल का?

आमच्या सामुदायिक रोपवाटिकेत शेडच्या पत्र्यावरचं पाणी टाकीत घेतो, त्याची अडचण नाही. १०० चौरस मीटर पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे हिशेबाने हजार लिटर. फक्त पहिल्या सरीचं पाणी सोडून देतो. प्रश्न आहे तो वाफ्यांमधून वाहणाऱ्या पाण्याचा. गढूळ, वर कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा) भुसा तरंगतोय, शिवाय खताचा अंश. तेच साठवून घातलं तर पिथियम, फायटोप्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूंची मूळकूज सगळीकडे पसरेल ही धास्ती आहे. कोवळी रोपं माना टाकतात तेव्हा फार जीव तुटतो.

आधी गाळ बसायला खड्डा, पुढे संथ वाळूचा फिल्टर (वाळूतून पाणी हळूहळू झिरपू देणारा), एवढं पुरेल का? आणि वाळूवरचा जैविक थर (पाणी शुद्ध करणाऱ्या सूक्ष्मजीवांचा) कोरड्या दिवसांत जिवंत कसा ठेवता? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.