'डोळे आलेत' की 'डोळ्यात दाह'?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): लेकीला क्रोन्स आहे, आतड्याचा जुनाट दाह. आता एक डोळा लाल झालाय, दुखतो, उजेड सोसत नाही. नेत्रतज्ज्ञांनी 'युव्हिआयटिस' सांगितलं. शाळेत मराठीतून चिठ्ठी द्यायची आहे. 'डोळे आलेत' लिहिलं तर वर्गात बसू देणार नाहीत. 'डोळ्याला सूज' चालेल का?

नेरुळ: ताई, 'डोळे आलेत' अजिबात नको. डोळे येतात ती साथ: चिपडं धरतात, सकाळी पापण्या चिकटतात, एकाचं दुसऱ्याला लागतं. लेकीचं दुखणं कुणाला लागणारं नाही. 'सूज' म्हटलं की बाई पापणीकडे बघणार, रांजणवाडी समजणार. 'आग' ही नुसती जाणीव झाली. लाली, ठणका, सूज हे सगळं 'दाह' या एका शब्दात येतं. 'बुबुळाचा दाह' लिहा.

ऐरोली: 'दाह' पटलं, 'बुबुळ' नाही. नेत्रदानाच्या बातम्यांत बुबुळ म्हणजे पुढची पारदर्शक काच. युव्हिआ तिच्या मागे: बाहुलीभोवतीचा रंगीत भाग आणि त्याला जोडून आत गेलेला रक्तवाहिन्यांचा थर. 'पडदा'ही नको, तो रेटिनासाठी रूढ आहे. 'डोळ्याच्या आतल्या भागाचा दाह' लांबलचक आहे, पण गैरसमज होणार नाही.

वाशी: माझ्या मुलाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याचा तसाच जुनाट दाह, म्हणून शब्दापलीकडचं थोडं. या आजारांत एपिस्क्लेरायटिसही होतो. त्यात पांढऱ्या भागावर लाली येते, नजर सहसा शाबूत राहते आणि बहुधा पोट बिघडलं की तो उसळतो. युव्हिआयटिसचं तसं नाही. पोट शांत असतानाही होतो आणि मुलांत कधी कधी ना लाली, ना दुखणं. नेत्रतज्ज्ञांच्या स्लिट लॅम्पखालीच (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्राखाली) कळतो. म्हणून डोळे ठीक वाटले तरी सांगितलेली तपासणी चुकवू नका आणि नेत्रतज्ज्ञांना आतड्याचा आजार आधी सांगा. दुर्लक्ष झालं तर मोतीबिंदू, काचबिंदू होऊ शकतो. स्टिरॉइडचे थेंब मनाने वापरले तरी तेच, त्यामुळे केमिस्टकडून परस्पर आणू नका.

घोडबंदर रोड: मनापासून आभार. बाहुली मोठी करणारे थेंबही चालू आहेत, जवळचं धूसर दिसतं. चिठ्ठी अशी देते: 'तिच्या डोळ्याच्या आतल्या भागाचा दाह झाला आहे. हा संसर्ग नाही. औषधामुळे वही नीट दिसत नाही आणि उन्हाचा त्रास होतो. कृपया खिडकीपासून दूर बसवावे व मैदानावर टोपी, गॉगल घालू द्यावा.'

ऐरोली: उत्तम. 'संसर्ग नाही' हे वाक्य पहिलं घ्या.