लेकीच्या वजनावरून घरात चालणारी शेरेबाजी कशी थांबवावी? मदत हवी आहे

मुलगी अकरा वर्षांची, सहावीत. आम्ही कोथरूडला राहतो. काळजी तिच्या वजनाची नाही, त्यावरून घरात जे येताजाता बोललं जातं त्याची आहे.

नवरा रोज अंघोळीआधी वजनकाट्यावर उभा राहतो आणि चहाच्या वेळी आकडा जाहीर करतो. वाढला असेल तर "आज रात्री फक्त ताक" आणि स्वतःच्या पोटाच्या नावाने चार शिव्या. लेकीला थेट फारसं काही म्हणत नाही, दुसरी पोळी घेताना "बघ हं" एवढंच. तेवढं पुरतं. सासूबाईंना ती लहान असताना "अंगच धरत नाही" ही काळजी होती, आता "अंगाने सुटत चालली" ही आहे. (मधे कधीतरी बरोब्बर होती म्हणायची, आम्हाला कळलं नाही.) आत्या दारातूनच "किती भरलीस गं!" म्हणते.

यंदा गणपतीत लेकीने उकडीचा मोदक फोडला, सारण वाटीत काढून ठेवलं आणि नुसती पारी खाल्ली, तीही तुपाशिवाय. खोबऱ्याने जाडी वाढते म्हणे. पोहायला एरवी हट्टाने जायची, आता वरून टीशर्ट घालू देणार असतील तरच येते म्हणते.

बालरोगतज्ज्ञ बाईंनी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०१५ च्या तक्त्यावर तिचं उंची-वजन मांडून दाखवलं, सगळं ठीक आहे. पाळी यायच्या आधी मुलींच्या अंगावर थोडी चरबी येते, तो वाढीचाच भाग आहे, म्हणाल्या.

नवऱ्याचा मुद्दा वेगळा. त्याच्या वडिलांना आणि काकांना मधुमेह आहे. इथल्याच, पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांचं संशोधन तो पुढे करतो, की आपल्याकडची बाळं वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं. "मग आत्तापासून सांगायला नको?" हे मला उडवून लावता येत नाही. पण टोमण्यांनी साखर लांब राहते असं त्यात कुठे आहे? उलट मिनेसोटा विद्यापीठाच्या २०१३ च्या अभ्यासात, ज्या घरी आईवडील मुलांशी वजनाबद्दल बोलतात तिथली मुलं डाएट आणि उपाशी राहण्यासारखे प्रकार जास्त करताना दिसली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ मध्ये आईवडिलांना सांगितलंय की वजनाबद्दल बोलू नका, मुलांच्या नाही आणि स्वतःच्याही नाही, एकत्र जेवा. यावर उत्तर, "ते अमेरिकेत."

तर विचारायचंय ते असं. नवऱ्याला त्याची साखरेची भीती न हिणवता हे कसं पटवू? काटा माळ्यावर टाकावा का, की त्याने लेकीला तो आणखीच महत्त्वाचा वाटेल? आणि सासूबाईंना व आत्याला कोणी बोलायचं, मी की त्याने? मी बोलले तर विषय लेकीचा न राहता माझा होतो, हे इथल्या सुनांना वेगळं सांगायला नको.

प्रतिसादांत दोघींनी ती जेवण टाळते का, चक्कर येते का असं विचारलंय म्हणून: नाही, जेवण अजून टाकलेलं नाही, चक्कर वगैरे नाही. डाएटिशियन नको आहे. खाण्याबद्दल मनात भीती बसलेल्या मुलांसोबत काम करणारे समुपदेशक पुण्यात कोणाच्या अनुभवात असतील तर नाव व्यक्तिगत निरोपाने (व्यनि) कळवा. कर्वेनगर-वारजे भागातले असतील तर बरं, शाळा सुटल्यावर नेता येईल.