आज्या आणि बाकडं

काही जण म्हणतात की आफ्रिकेतल्या छोट्या संस्था म्हणजे बाहेरून आलेले चार गोरे डॉक्टर आणि ढीगभर फोटो. सगळीकडे तसं नाही हो. झिम्बाब्वेची फ्रेंडशिप बेंच बघा, तिथे मनाने खचलेल्या माणसांचं वस्तीतल्या आज्याच बाकड्यावर बसून ऐकून घेतात. डॉ. डिक्सन चिबांडा तिथलेच, मानसोपचारतज्ज्ञ. त्यांच्या एका तरुण पेशंटने आत्महत्या केली, आणि वेळेवर दाखवायला का आणलं नाही तर बसभाड्याला १५ डॉलर नव्हते घरात. त्यानंतर २००६ मध्ये त्यांनी हरारेच्या म्बारे वस्तीत काम सुरू करायचं ठरवलं, पण नर्स द्यायला कोणी तयार नाही, दवाखान्यात खोली नाही, मिळाल्या काय तर वस्तीतल्याच १४ आज्या आणि बाहेरचं अंगण. मग तिथेच झाडाखाली लाकडी बाकडं टाकलं.

आधी नाव ठेवलं मेंटल हेल्थ बेंच, तर तिकडे कोण फिरकणार! नाव बदला हे आज्यांनीच सांगितलं. डिप्रेशन वगैरे शब्दही त्यांनी बाजूला ठेवले, शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे आपल्याकडचं विचार करकरून डोकं पिकणं. आजीने समोरच्याचं सगळं ऐकायचं, मग दहा कटकटींतली एकच पकडून आधी ती सोडवायची, एवढीच पद्धत.

नुसतं कौतुक नाहीये हे, ५७३ लोकांवर रीतसर ट्रायल झाली, २०१६ मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, सहा महिन्यांनी बाकड्यावर बसलेल्यांची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बरीच कमी होती.

आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे, नंतर बाकड्यावर मन मोकळं करून गेलेल्या बायका गटात जमून जुन्या प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या विणतात, गप्पाही होतात आणि चार पैसेही सुटतात.