चेकलिस्टला मराठीत काय म्हणायचं?

सोनेगावची: मुलांच्या एका पाठासाठी बोइंग ७७७ च्या कॉकपिटबद्दल लिहितेय. तिथे चेकलिस्ट पडद्यावर असते. मी 'पडताळायादी' लिहिलं. भाचा नागपूरच्या मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीत आहे. तो म्हणाला, "मावशी, असं कोणीच म्हणत नाही." पण खरा पेच पुढेच आहे. चाकं खाली आली की ती ओळ आपोआप पांढऱ्याची हिरवी होते, कारण ते विमानालाच कळतं. ज्यांची खबर विमानाला लागत नाही, त्या ओळींवर वैमानिक कर्सर नेऊन टिक करतो. दोन्हींना 'तपासले' लिहू? मन घेत नाही.

महालवाला: ताई, चेकलिस्टच ठेवा. टेबल, स्टेशन आपलेच झाले नं? काहून जड शब्द शोधून राहिल्या?

वर्धारोड: साधं 'यादी' पुरे. मूळ फारसी 'याद', म्हणजे आठवण. आणि विमानातली यादी विसरण्यातूनच आली. १९३५ मध्ये अमेरिकेत डेटनला बोइंगचं मॉडेल २९९ उडताच कोसळलं. उभ्या विमानाच्या पंख-शेपटीचे हलते भाग वाऱ्याने आपटू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. त्यानंतर वैमानिकांच्या हाती यादी आली.

महालवाला: किराण्याची यादी उलटून बोलत नाही, काका. इथं एक वाचतो, दुसरा पाहून उत्तर देतो. ही तर हजेरी झाली!

रामदासपेठ: 'पडताळा' सोडू नका, ताई. मला त्यात 'ताळा'च ऐकू येतो. बाबा पाटीवर ताळा घ्यायला लावत. २३ गुणिले १४, अंकांची बेरीज ५ आणि ५, गुणाकार २५, म्हणजे ७. उत्तर ३२२, त्याचीही बेरीज ७. जमला!

वर्धारोड: २३२ लिहिलं तरी ७ च येतात. ताळा जमला म्हणजे उत्तर बरोबर, असं नाही.

सोनेगावची: माझं नेमकं हेच म्हणणं आहे! म्हणून विमानाने ओळखलेलं ते 'झाले' आणि माणसाने पाहिलेलं ते 'पाहिले', असं लिहावं वाटतं.

महालवाला: हिरव्या ओळीकडेही वैमानिक पाहतोच नं, ताई?

रामदासपेठ: ताळेबंदातला ताळा हाच का हो? आमचे आजोबा दिवाळीला वह्या मांडत, तेव्हा 'ताळा बसला' म्हणत, 'जमला' कधीच नाही.

वर्धारोड: आमच्याकडे 'लागला' म्हणत.