परसातल्या बाराफुटी पूलचं पाणी डिसेंबरात कोमट कसं ठेवू? कुंपणही सुचवा (बजेट २० हजार)

परसदार_अनगोळ
नमस्कार मंडळी. परसात जमिनीवर उभा करायचा फ्रेमवाला पूल आहे. व्यास १२ फूट, उंची ३० इंच, पाणी साधारण साडेसहा हजार लिटर. सोबत आलेला कार्ट्रिज फिल्टर पंप तासाला २ हजार लिटरचा. घरात पोरं दोन, ४ आणि ९ वर्षांची, आणि नाताळच्या सुट्टीत भाचरं येणार. थंडीत सकाळी पाणी २० अंश असतं, ते २६ पर्यंत न्यायचंय. गरम करणं आणि सुरक्षितता दोन्ही मिळून २० हजार. वर एक रुपया नाही. काय घेऊ?

हिंडलगा_रोड
हीट पंप घ्या, हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, विषय संपला. आमच्या १५ फुटीवर तोच आहे. एक युनिट वीज खातो आणि चार-साडेचार युनिट उष्णता देतो. लाखाच्या घरात जाईल, पण एकदाच जाईल.

परसदार_अनगोळ
दादा, २० हजार.

हिंडलगा_रोड
स्वस्तातलं घेऊन दोनदा रडायचं असेल तर बघा मग.

बंबवाला
तांब्याचा बंब पेटवा आणि ओता की. धुराचा वास फुकट. 😄

आकडेमोड
बंबाचाही हिशेब होऊन जाऊ दे. ४० लिटर पाणी ८० अंशाचं ओतलं तर या पूलचं तापमान जेमतेम ०.३६ अंश वाढेल. ६ अंशांसाठी किती खेपा, मोजा.
आता विजेचं. १ लिटर १ अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. म्हणजे इथे दर अंशाला साडेसात युनिट. ६ अंशांना ४५ युनिट. ३ किलोवॅटची कॉइल सलग १५ तास चालवावी लागेल, आणि त्या वेळात जी उष्णता बाहेर जाते ती वेगळीच. हीट पंपावर तेच काम १०-११ युनिटांत होतं, हे खरं. पण गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना) असाल तर लक्षात ठेवा, फुकट युनिट म्हणजे तुमचा आधीचा सरासरी वापर अधिक १० टक्के. महिन्याचे २०० ओलांडले की अख्खं बिल आपल्या अंगावर. कॉइल चार वेळा लावली की तिथेच १८० झाले.

निपाणी_ठिबक
कशाला पैसं घालवालाय राव. ठिबकची १६ मिमीची साधी लॅटरल, म्हंजे काळी नळी आणा, बिनड्रीपरची. वेटोळं करून छपरावर टाका, पंप जोडा. उन्हानं चटका बसंल असं पाणी येतंय.

आकडेमोड
चटका बसेल असं पाणी येत असेल तर जोडणी चुकली आहे. पाणी हळू फिरलं की पाइप तापतो, आणि तापलेला पाइप मिळालेली उष्णता वाऱ्याला देऊन टाकतो. १०० मीटर लॅटरलची उन्हाला दिसणारी जागा फक्त १.६ चौरस मीटर. ६ अंशांसाठी एक बंडल काहीच नाही. ४०० मीटर टाकली तर ६.४ चौरस मीटर होतात. स्वच्छ उन्हात दिवसाला १८-१९ युनिट, म्हणजे अडीच अंश. परतीचं पाणी पूलपेक्षा दीड अंशच जास्त असेल, हाताला काही कळणारही नाही. तेच बरोबर आहे.

निपाणी_ठिबक
मग ४०० मीटर टाका की. लॅटरल काय सोन्याची हाय?

नळकाम
४०० मीटर एकाच ओळीत जोडू नका, पंप गुदमरेल. २५-२५ मीटरची १६ वेटोळी, दोन्ही टोकांना ४० मिमीचा मुख्य पाइप, आणि सगळी समांतर. आत येणारा पाइप एका कोपऱ्यात, बाहेर जाणारा कर्णाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, म्हणजे सगळ्या वेटोळ्यांत पाणी सारखं वाटलं जातं. आणि छपराचं विसरा. पूलसोबत येणारा पंप १० फूट पाणी चढवणारा नसतो. वेटोळी जमिनीलगत, दक्षिणेकडे तोंड करून कलत्या पत्र्यावर ठेवा. फिल्टरच्या पुढेच जोडा, मागे जोडलीत तर पाचोळा अडकेल. पंप सकाळी १० ते दुपारी ४. रात्री चालू राहिला तर हीच वेटोळी पाणी गार करतात.

टेरेसवाला_शहापूर
अवांतर: हाच १२ फुटी टेरेसवर चालेल का? खाली कॉलम आहेत.

आकडेमोड
नाही. साडेसहा टन पाणी साडेदहा चौरस मीटरवर, म्हणजे दर चौरस मीटरला सहाशे किलोच्या वर. घराचा स्लॅब साधारण दोनशेच्या हिशेबाने बांधतात, गच्ची तर दीडशेच्याच. कॉलम असोत नसोत, इंजिनिअरने लिहून दिल्याशिवाय नको.

वायरमन_उद्यमबाग
गरमाची चर्चा चालूच राहू दे, पण वायरिंगचं कोणी बोलंना झालंय. पहिली गोष्ट, आंघोळीचा रॉड या पाण्यात टाकायचा नाही. माणसं बाहेर असली तरी नाही. दुसरी, पंपाच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच. नुसता एमसीबी माणसाला वाचवत नाही, तो १६ अँपिअर ओलांडल्यावर पडतो आणि जीव जायला त्याचा लहानसा हिस्सा पुरतो. आरसीबीओचं टेस्ट बटण महिन्याला एकदा दाबून बघा. अर्थिंगचा खड्डा नीट हवा, नुसती खिळ्याला वायर नको. सॉकेट आयपी ६५ च्या, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या डब्यात, पूलपासून साडेतीन-चार मीटर लांब. गवतात जोड दिलेली एक्स्टेंशन नको. पंप इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊ नका. पोरं पाण्यात असतील तेव्हा पंप बंद आणि प्लग काढलेला.

हिंडलगा_रोड
आमच्या हीट पंपाला हे सगळं कंपनीच करून देते.

टिळकवाडी_ताई
कंपनी कुंपण पण घालून देते का? चार वर्षांचं पोर ३० इंचांचा काठ सहज चढतं. फ्रेमची आडवी नळी म्हणजे पायरीच. कुंपण कमीत कमी ४ फूट, उभ्या गजांचं. आडव्या पट्ट्या नकोत, जाळीत पाय रुततात. दोन गजांत आणि जमिनीलगत ४ इंचांपेक्षा जास्त फट नको. दार पूलच्या उलट दिशेला उघडणारं, स्प्रिंगच्या बिजागरीवर आपोआप बंद होणारं, कडी आतल्या बाजूला वर. पंप, कुंड्या, खुर्च्या, तुळशीचं वृंदावन, यातलं काहीही कुंपणापासून ३-४ फुटांत असलं तर कुंपण असून नसल्यासारखं. शिडी काम झालं की काढून घरात. खेळणी पाण्यात ठेवायची नाहीत, पोरं त्याच्यासाठीच वाकतात.
आणि बबल कव्हर, म्हणजे पाण्यावर पसरायचं बुडबुड्यांचं प्लास्टिक, हे झाकण नव्हे. त्यावर पाय पडला की पोर खाली आणि कव्हर वर.

वायरमन_उद्यमबाग
ताई बरोब्बर. पंपाचं सक्शनचं झाकणही तपासा, तुटलेलं असेल तर केस ओढले जातात.

येळ्ळूर_शेत
नारळाखाली मांडलाय का? नारळ पडंल, वर सावलीनं पाणी तापायचं नाही. जागेत लव्हाळा असला तर गड्ड्यासकट खणून काढा. लव्हाळ्याचं टोक खालून पीव्हीसी भोसकतं. वर चाळलेली वाळू, त्यावर जाड फोम. जागा लेव्हलला हवी, एका बाजूला पाणी कललं तर फ्रेम त्या बाजूला बसते.

कॅम्प_बोअर
पाणी बोअरचं की राकसकोपचं (बेळगावला येणारं धरणाचं)? बोअरमध्ये लोह असेल तर क्लोरीन टाकल्या टाकल्या चहासारखं होईल. ब्लीचिंग पावडर बादलीत विरघळवून, निवळून वरचं पाणी टाका. ३० टक्क्यांची असेल तर २१-२२ ग्रॅममध्ये या पूलला १ पीपीएम क्लोरीन, म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम.

मारुती_गल्ली
ब्लीचिंग जुनं झालं. ९० टक्क्यांच्या गोळ्या घ्या, ७ ग्रॅमलाच भागतं.

कॅम्प_बोअर
घ्या, पण एकाच डब्यात किंवा एकाच मापाने दोन्ही हाताळू नका. गोळ्या आणि ब्लीचिंग एकत्र आले तर पेट घेतात. पीएच ७.२ ते ७.६, क्लोरीन १ ते ३. बाकी काही नको.

आकडेमोड
परत मुद्द्यावर. पाणी थंड होतं ते मुख्यतः वाफेने. या पूलवरून १ मिमी पाणी उडालं की जवळपास १ अंश गेला. डिसेंबरात रात्रीच्या कोरड्या वाऱ्याला २-३ मिमी उडाले तर दिवसभर कमावलेले अडीच अंश सकाळपर्यंत साफ. म्हणून कव्हर आधी, लॅटरल नंतर. बाजूच्या भिंतीला बाहेरून २५ मिमीची फोम शीट गुंडाळली तर आणखी फायदा.

हिंडलगा_रोड
एवढं करण्यापेक्षा हीट पंप…

परसदार_अनगोळ
सगळ्यांचे आभार. ठरलं. गरम करायचं रद्द. उभ्या गजांचं कुंपण आणि दार वेल्डरकडून, त्यात बजेटचा मोठा भाग गेला. आरसीबीओ, अर्थिंग, बबल कव्हर. लॅटरल नाही, हीट पंप नाही. पोरांना सकाळी नाही, दुपारी ३ ला सोडणार, जेवढं तापेल तेवढं. भाचरांना सांगितलंय, कोमट हवं असेल तर एप्रिलात या.

निपाणी_ठिबक
अवो ४०० मीटर कितीला पडतंय म्हणून सोडलासा? आमच्याकडं उसातली जुनी हाय, न्या की.

नळकाम
जुनी नको, ड्रीपरच्या भोकांतून गळेल.

परसदार_अनगोळ
एकच विचारतो. कव्हरचे बुडबुडे वर की खाली? आणि गोल कधी कापू?

आकडेमोड
बुडबुडे खाली, पाण्याकडे. आल्या आल्या कापू नका. घडी मोडून दोन-तीन दिवस पाण्यावर पसरून ठेवा, ताण गेला की काठाने कापा.