मदत हवी आहे: बाबांना नवीन औषधाच्या ट्रायलमध्ये घेतायत, सही करू का?

पाऊसवेडी: जरा लवकर सांगा प्लीज. बाबांच्या हृदयाचा स्नायू जाड झालाय, जिना चढताना दम लागतो, आता डॉक्टर म्हणतात नवीन गोळीची ट्रायल आहे त्यात घेऊ, फॉर्म उद्या द्यायचाय आणि पानंच्या पानं आहेत, अर्धं कळत नाही. खरी गोळी की डमी हे पण सांगणार नाहीत म्हणे. कोणाला अनुभव?

स्वरूप: ऑब्स्ट्रक्टिव्ह की नॉन-ऑब्स्ट्रक्टिव्ह, म्हणजे जाड स्नायूने रक्ताची वाट अडते की नाही? इएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय त्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं, ते किती? गोळी कुठली?

मंदार७: ट्रायलच्या नादी लागू नका. माझ्या मामांचा जाड झालेला भाग ऑपरेशन करून काढला, आता मस्त फिरतात.

स्वरूप: मंदार, ते ऑपरेशन मुख्यतः रक्ताची वाट अडत असेल तेव्हा करतात, म्हणून तर विचारतोय.

पाऊसवेडी: नॉन-ऑब्स्ट्रक्टिव्ह लिहिलंय, इएफ ६०. गोळीला नुसता कोड नंबर आहे, मावाकॅम्टेनसारखी आहे म्हणाले.

स्वरूप: मावाकॅम्टेनला अमेरिकेत २०२२ ला मंजुरी मिळाली ती ऑब्स्ट्रक्टिव्हसाठी. नॉन-ऑब्स्ट्रक्टिव्हवरच्या ट्रायलमध्ये २०२५ ला अपेक्षित फायदा दिसला नाही. या गोळ्या स्नायूचा जोर कमी करतात, कधी जरा जास्तच, इएफ ५० च्या खाली गेला तर मावाकॅम्टेन थांबवतात. त्यामुळे इको (हृदयाची सोनोग्राफी) किती दिवसांनी करणार ते आधी विचार.

मंदार७: म्हणजे प्रयोगच की माणसावर!

सिस्टर_लता: मंदार, प्रयोगच आहे, पण लपूनछपून नाही. पाऊसवेडी, डमी आली तरी चालू औषधं सहसा चालूच ठेवतात, ते फॉर्ममध्ये बघ, आणि कधीही बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही. अजून काय काय घेतात बाबा? ॲसिडिटीची गोळी?

पाऊसवेडी: हो, ओमेप्राझोल, रोज. त्याचं काय?

सिस्टर_लता: त्याने मावाकॅम्टेनचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. ट्रायलची गोळी त्याच जातीची असली तरी वेगळी आहे, म्हणून डॉक्टरांना विचारून घे, ओमेप्राझोल मनाने बंद करू नको. आणि बाबा स्वतः निर्णय घेऊ शकतात ना, मग सही तू नाही, त्यांनी करायची. त्यांना विचारलंस का?

पाऊसवेडी: ते म्हणतात तू सांगशील तसं.

सिस्टर_लता: मग उद्या फॉर्म देऊ नकोस. त्यांना शेजारी बसवून एकेक पान वाच, न कळलेलं लिहून काढ, डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचार. वेळ मागायचा हक्क आहे तुमचा.

स्वरूप: आणि तू नि भावंडं इको करून घ्या, हा आजार बऱ्याचदा आनुवंशिक असतो.

पाऊसवेडी: हे कोणी बोललंच नव्हतं. भावाला पण दम लागतो हल्ली.